तिरकी रेघ

रबाळे एमआयडीसीत आमच्या कंपनीचं मस्टर
अजून वहीतच असतं.
पूर्ण दिवसाला फुली,
अर्ध्याला तिरकी रेघ,
म्हणजे फुलीचाच एक हात, दुसरा न काढलेला.

हर्षाली मढवीच्या ओळीत सगळ्या रेघाच.
नऊ ते एक. औषधाच्या बाटल्यांना लेबलं.
एकाच्या ठोक्याला ती घणसोलीच्या बसकडे धावते,
दीडला थोरलीची बालवाडी सुटते.

परवा टेबलाशी आली,
पर्स पोटावर धरून.
म्हणाली, मॅडम, पाचवा लागलाय.
अर्धवेळवाल्यांना मिळतं का हो काही?
की अर्धंच मिळतं?

मी म्हटलं, बघते.
ऑफिसात 'बघते'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.
तिलाही होता.
म्हणून ती गेली नाही, उभीच राहिली.

मग खरंच बघितलं.
ईएसआयला वर्षभरात सत्तर दिवसांची वर्गणी लागते.
पोर्टलवर तिच्या नावापुढे: अडुसष्ट.

दोन कमी पडले, पिंगळे साहेब म्हणाले,
कपावर बशी झाकत.
वाईट वाटतं, पण नियम आहे.

अडुसष्ट कुणी भरले?
मीच.
बावीस रेघांचे अकरा दिवस,
एकोणीस रेघांचे नऊ,
वरचा अर्धा पोर्टल घेत नाही, तो सोडून दिलेला.
पगार अर्धा, म्हणून दिवसही अर्धा.
असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
हिशेब नीटनेटका दिसत होता, एवढंच.

डबा न उघडता रेघा मोजत बसले,
पेन्सिलीचं टोक एकेकीवर टेकवत.
नोव्हेंबरात एका दिवशी तिची सही वाकडी आहे.
त्या सकाळी ती पाण्याच्या टाकीमागे ओकत होती,
मी खिडकीतून पाहिलं होतं,
आणि रेघ ओढली होती.
एकशे एकोणचाळीस.
पुन्हा मोजल्या. एकशे एकोणचाळीसच.

वाशीच्या कचेरीत फोन लावला.
पलीकडचा माणूस काहीतरी खात होता.
पगार दिला ना त्या दिवसाचा? मग दिवस धरा.
अर्धा दिवस म्हणजे काय मॅडम,
सूर्य काय बाराला घरी जातो?
दुरुस्तीचा अर्ज करा, मस्टरची झेरॉक्स लावा,
साहेबांची सही, शिक्का.

साहेबांनी सही केली. शिक्का शोधायला वेळ लागला.
मग चष्मा काढून हळूच विचारलं,
सगळ्यांचंच असं भरत होतो का आपण?

आपण.
बरं वाटलं त्या शब्दाचं, क्षणभर.

हर्षालीला सांगितलं, सव्वीस आठवडे.
त्यातले आठ आधी घेता येतील, हवे तर.
पैसे तुझ्या रोजाच्या हिशेबाने, खात्यात.
ती बोटांच्या पेरांवर महिने मोजत राहिली,
चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.
आधीचे नको, म्हणाली, सगळे नंतरच द्या.
आणि परत आल्यावर नऊ ते एकच ना?
पूर्ण वेळ नका हो करू, थोरलीला आणायला कुणी नाही.
मी हो म्हटलं.
जाताना तिने माझ्या टेबलावर
कागदात गुंडाळलेला सुक्या जवळ्याचा पुडा ठेवला.
अजून ऑफिसभर वास आहे.

पाच वाजून गेलेत. मशिनं थांबलीत.
मी दोन वर्षांपूर्वीची वही काढलीय,
तिच्या कडांना वाळवी लागलीय थोडी.
तुर्भे स्टोअरची रुक्साना.
तिलाही मी असंच सांगितलं होतं, बसत नाही गं नियमात.
दीड महिन्यात परत आली होती लेबलं लावायला,
दुपार व्हायच्या आत ओढणी छातीवर ओली.
त्या दिवशीचीही रेघ आहे.
सरळ, स्वच्छ, माझ्या हातची.

एकशे बारा.
आता काही होतं का, ठाऊक नाही.
कचेरीतल्या त्या माणसाला ते विचारायचं राहिलं.
वहीच्या शेवटच्या पानावर तिचा नंबर आहे,
एक आकडा पुसट, तो तीन असेल किंवा आठ.

तीन लावून पाहिला. चुकीचा.
आठ लावलाय.
वाजतोय.